न थरथरणारी रेघ

"सरळ रेघ दिसली की घाबरायचं, पोरी. थरथरणारी दिसली की निवांत चहा प्यायचा."

अंकल नेव्हिलनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांच्या एका हातात अर्धं सँडविच होतं आणि दुसऱ्या हातात माझ्या नव्याकोऱ्या मीटरचं झाकण. मी "हो अंकल" म्हणाले. माझी आई "बाळाला जरा मातीत खेळू दे" म्हणते तेव्हा मी तिला जे "हो मा" म्हणते, त्याच सुरात. ऐकलं, मान हलवली, विषय संपला. माझ्याकडे ब्रिस्बेनहून आणलेली, चौकटीत घातलेली इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी होती. अंकलकडे बेचाळीस गाळप हंगाम होते आणि शर्टाच्या खिशात एक पेचकस. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा मला वाटलं होतं की माझं पारडं जड आहे.

अंकलच्या पणजोबांना दूर समुद्रातल्या बेटांवरून बोटीत घालून इथे ऊस तोडायला आणलं होतं. पणतू त्याच उसाच्या कारखान्यात पाणी, वाफ आणि रस मोजायचा. "आमच्या घरात प्रगती सावकाश होते," असं ते स्वतःच म्हणत. माझे आजोबा माल्टाहून आले तेही ऊस तोडायलाच, म्हणून अंकल मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं बोलत. म्हणजे घरच्यासारखं रागावत.

मीटरचं काम काय ते सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातलाच आहे. पाइपात एक लोखंडी चकती आडवी बसवायची, मधोमध भोक असलेली. पाणी त्या भोकातून घुसायला बघतं तेव्हा चकतीच्या अलीकडे दाब जास्त होतो आणि पलीकडे कमी. दोन्हीकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची एकेक नळी काढायची आणि एका डबीत आणून सोडायची. डबीतला पातळ पडदा या दोन दाबांच्या मध्ये किती वाकतो, त्यावरून पाणी किती वाहतंय ते कळतं. पाणी दुप्पट झालं की दाबातला फरक चौपट. कॉलेजात मला हे तीन पानं भरून शिकवलं. अंकलनी कारखान्यामागच्या बागेतली नळी माझ्या हातात दिली आणि तोंडावर अंगठा ठेवायला सांगितलं.

"काय लागतंय?"

"दाब."

"आणखी?"

"थरथर."

"ती विसरू नकोस. पाणी कधी गुळगुळीत जात नाही. मीटर गुळगुळीत दाखवायला लागला, तर तो पाणी दाखवत नाहीये, चित्र दाखवतोय."

मी मान हलवली आणि भिजलेल्या बुटांकडे बघत बसले. नवे होते.

*

डिसेंबरात अंकल निवृत्त झाले, जानेवारीत मला लुसिया झाली. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण दोन्हींमुळे माझी झोप गेली. अंकलच्या डाव्या गुडघ्यात शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवली होती, बायको चार वर्षांपूर्वी गेली होती, आणि ते ओढ्यापलीकडच्या खांबांवरच्या जुन्या घरात एकटे राहत. त्यांची मुलगी लोरेन ब्रिस्बेनला असते, हजार किलोमीटरवर. निरोपसमारंभात तिने मला कोपऱ्यात घेतलं.

"बाबा माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतात. रोज एकदा बघशील? पडले-बिडले तर कुणाला कळणारही नाही."

माझं ते कधीच ऐकत नव्हते, पण कुणी विश्वासाने काही सोपवलं की मला नाही म्हणता येत नाही. मी लगेच पद्धत ठरवली. रोज सकाळी माझा संदेश, त्यांचं उत्तर. मला अशा पद्धती फार आवडतात.

सुरुवातीला त्यांची उत्तरं अशी यायची: "ठीक. वटवाघळांनी पपई खाल्ली. खाल्ली तर खाल्ली, बिया पडवीत टाकल्या." किंवा: "ठीक आहे, पण गुडघा म्हणतोय पाऊस येणार. गुडघ्याचा अंदाज सरकारी अंदाजापेक्षा बरा." एकदा सलग सात संदेश फक्त एका कोंबडीबद्दल होते. ती अंडं देत नव्हती आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

आणि इकडे मी, चार महिन्यांची मुलगी मांडीवर, फ्रिजवर चिकटवलेल्या तक्त्यात दुधाचे मिलिलिटर भरणारी. लुसियाच्या पायात मी एक मोजा घालायचे, जो तिच्या हृदयाचे ठोके आणि रक्तातला प्राणवायू मोजून माझ्या फोनवर दाखवायचा. खोलीत कॅमेरा. खोलीच्या हवेचं तापमान वेगळं. माझी आई एकदा तक्त्यासमोर उभी राहून सगळं वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "तानिया, ही मुलगी आहे की बॉयलर?"

"मा, काळजी घेणं वाईट आहे का?"

"मी तुला वाढवलं तेव्हा एकच मीटर होता. रडलीस की भूक, नाही रडलीस की झोप."

"आणि आजारी असले तर?"

"तर तुझ्याकडे बघायचे की. डोळे होते मला."

अशा सगळ्या गडबडीत कोंबडीबद्दलचे सात संदेश वाचायला मला वेळ नव्हता. मे महिन्यात मी अंकलना लिहिलं, आणि हे वाक्य मला शब्दाशब्दाने पाठ आहे: "अंकल, एवढं लिहायचा त्रास नका घेऊ. नुसता अंगठा पाठवला तरी कळेल मला."

दुसऱ्या दिवसापासून अंगठा यायला लागला. मी तक्त्यात अंकलसाठी एक रकाना केला आणि रोज त्यात बरोबरची खूण करायला लागले.

*

ऑगस्टात मी कामावर परतले. इथे गाळप हिवाळ्यात, म्हणजे जून-ऑगस्टात चालतं, त्यामुळे हंगाम ऐन भरात होता. रुळांवरच्या छोट्या ऊसगाड्या दिवसरात्र येत होत्या, माझा नवरा जोएल त्यातलीच एक चालवतो, त्यामुळे आमची भेट बहुतेक फाटकावर व्हायची. तो इंजिनात, मी गाडीत.

पहिल्याच दिवशी नियंत्रण खोलीतल्या डगने तक्रार मांडली. शेवटच्या चरकावर, रस काढून झालेल्या चिपाडावर, आम्ही गरम पाणी सोडतो. उरलेली गोडी त्यात धुऊन निघते, आणि पिळलेलं चिपाड पुढे बॉयलरमध्ये जळण म्हणून जातं. त्या पाण्याच्या मीटरची रेघ पडद्यावर सारखी थरथरत होती.

"डोळे दुखतात बघून," डग म्हणाला. "कुणीतरी चिमटे काढतंय असं वाटतं. अंकल असताना विचारलं तर म्हणायचे, तुझे डोळे दुखतात तर डोळे मिट."

मी हसले, आणि मीटरच्या आतला एक आकडा बदलला. त्याला डॅम्पिंग म्हणतात. मीटरने क्षणाक्षणाचं दाखवू नये, मागच्या काही सेकंदांची सरासरी काढून दाखवावं, एवढाच त्याचा अर्थ. अंकलनी ते अर्ध्या सेकंदावर ठेवलं होतं. मी तीस केलं. रेघ अशी निवळली की डग खुर्चीत मागे रेलला.

"बाई गं, शाळा शिकल्याचा फायदा तो हा."

मी त्या रेघेचा फोटो काढला. खरंच काढला. त्या रविवारी लुसियाला घेऊन अंकलकडे गेले तेव्हा त्यांना दाखवलाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फोन नाकाजवळ नेला.

"मेलीये ही."

"मेली नाहीये अंकल, निवळलीये."

"तू मीटरला झोपेचं औषध दिलंयस. आता त्याला काही झालं तर तुला कळणार कसं? निजलेला आणि गेलेला लांबून सारखाच दिसतो."

"अंकल, आजकाल सगळे असंच करतात."

"सगळे करत असतील," ते म्हणाले आणि लुसियाच्या पायातला मोजा बघायला लागले. "हे काय घातलंयस पोरीला? हिचाही प्रवाह मोजतेस?"

निघताना मी त्यांना बजावलं की अंगठा चुकवू नका. ते म्हणाले, "चुकायचा नाही. त्याची मी व्यवस्था केलीये." मी त्यांना शाबासकी दिली. कसली व्यवस्था, हे विचारलं नाही.

*

त्यानंतरच्या बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला मी पाण्याच्या त्या मीटरची तपासणी करत होते. दोन नळ्यांना दोन बाजूंच्या चाव्या, म्हणजे छोट्या झडपा, आणि दोघींच्या मध्ये तिसरी चावी. क्रम ठरलेला असतो. मी घाईत होते. आधी बाजूच्या दोन्ही चाव्या बंद केल्या आणि मधली उघडणार, एवढ्यात खिशातला फोन किंचाळला. "प्राणवायू: वाचन उपलब्ध नाही."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. चरकाच्या गोंगाटातून मी जिना उतरले, आवाराबाहेर आले, आईला फोन लावला.

"मा, लुसिया श्वास घेतीये का?"

"केळं खातीये. श्वास घेतल्याशिवाय कसं खाईल?"

"मोजा दाखवत नाहीये काही."

"मोजा तिने काढून कुत्र्याला दिलाय. कुत्र्याच्या पायात बसेना म्हणून तो नाराज आहे."

मी पाच मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले. मग परत वर गेले. मीटरवर आकडा होता तासाला एकसष्ट पूर्णांक चार टन. हवा होता एकसष्ट पूर्णांक पाच. छान, म्हटलं, झालं काम. मीटरच्या पेटीचं झाकण लावलं, वहीत सही केली आणि घरी जाऊन मोजा धुतला.

झालं काहीच नव्हतं. बाजूच्या दोन्ही चाव्या बंदच होत्या. नळ्यांत आणि डबीत दुपारी दोन वाजताचा दाब कोंडलेला होता, आणि मीटर इमानेइतबारे तोच दाखवत होता. पाइपात पाणी असो की नसो, एकसष्ट पूर्णांक चार. पाण्याची झडप सांभाळणारं यंत्र बिचारं बघत होतं की आकडा जरासा कमी आहे, म्हणून झडप जराशी उघडत होतं. आकडा हलत नव्हता, म्हणून आणखी जराशी. असं रात्रभर.

गुरुवारी सकाळी सहाला उठले, अंगठा आलेला होता, खूण केली. सातला कारखान्यात पोचले तर बॉयलरची वाफ पडलेली, चरक अर्ध्या वेगावर, आणि बॉयलरवरची बेव्ह कमरेवर हात ठेवून माझीच वाट बघत उभी. बेव्ह माझ्या आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे आणि तिला बॉयलरच्या आवाजावरून त्याला काय हवंय ते कळतं.

"चिपाड ओलं येतंय. पेटत नाहीये. पाणी जास्त सोडलंय तुम्ही वरून."

"पाणी एकसष्ट पूर्णांक चार आहे."

"असेल. पण चिपाड ओलं आहे."

"मग उसाची जात बदलली असेल."

"एका रात्रीत?"

"नाहीतर चरकाचे रूळ सैल असतील. बेव्ह, तू हे बघ," आणि मी तिला पडद्यावर नेलं. गेले सतरा तास एक रेघ, पट्टी ठेवून काढल्यासारखी. मला त्या रेघेचा अभिमान वाटत होता, हे कबूल करते. "इतकं स्थिर पाणी या कारखान्यात कधी नव्हतं."

मी दोन तास अशी भांडले. उसाशी, रुळांशी, हवेतल्या दमटपणाशी. एक तक्तासुद्धा बनवला. साडेनऊला बेव्ह आली, तिने माझं मनगट धरलं आणि मला चिपाडाच्या पट्ट्यापाशी नेलं. एक मूठ चिपाड उचललं. माझ्या डोळ्यांसमोर धरलं. पिळलं.

पाणी तिच्या कोपरावरून ओघळलं आणि माझ्या बुटांवर पडलं.

"हे किती पूर्णांक किती आहे," ती म्हणाली, "ते सांग मला."

मी मीटरपाशी गेले. पेटी उघडली. बाजूच्या चाव्यांना हात लावला आणि हाताला कळलं की त्या बंद आहेत. जे काल हाताला कळायला हवं होतं. चाव्या उघडल्या. आकडा एकसष्टवरून सुटला तो थेट एकशे दहावर जाऊन थांबला. मग मी मीटरमध्ये जाऊन डॅम्पिंगही अर्ध्या सेकंदावर आणलं, आणि आकडा थरथरायला लागला. एकशे नऊ, एकशे बारा, एकशे आठ. कुणीतरी चिमटे काढल्यासारखा.

डगला सांगून झडप खाली आणवली. सगळं जागेवर येतंय असं बघून मी लोखंडी पायरीवर बसले. अंकलना ही गोष्ट कळली तर ते काय म्हणतील, याचा विचार करत होते. निजलेला आणि गेलेला लांबून सारखाच दिसतो, असं म्हणतील.

मग मी फोन काढला आणि अंकलचे अंगठे बघायला लागले. अंगठे नव्हे, त्यांच्या वेळा. तीन महिने रोज ते बघत होते आणि वेळ कधी वाचली नव्हती. मे महिन्यात पाच अठ्ठेचाळीस. सहा वीस. सात पाच. एकदा साडेनऊ, खाली "माफ कर, कोंबड्या." जूनच्या चार तारखेपर्यंत असं. पाच जूनपासून सहा दोन. सहा दोन. सहा दोन. मी बोटाने सरकवत राहिले. जून, जुलै, ऑगस्ट, आज सकाळ. सहा दोन. पट्टी ठेवून काढल्यासारखे.

फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा मी जिना उतरत होते.

"कुठे?" बेव्हने विचारलं.

"अंकल फोन उचलत नाहीत."

"असतील कोंबड्यांत," ती म्हणाली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "जा. इथलं बघते मी."

*

ओढ्यापर्यंत नऊ किलोमीटर आहेत आणि मध्ये एक फाटक. फाटक बंद होतं. ऊसगाडी चालली होती, रिकामे डबे शेतांकडे घेऊन. इंजिनातून जोएलने मला पाहिलं, खूश होऊन हात हलवला, दोनदा भोंगा वाजवला. मी दोन्ही हातांनी "लवकर" अशी खूण केली. त्याला वाटलं मी प्रेमाने करतेय. त्यानेही दोन्ही हात हलवले.

मी डबे मोजले. मला मोजल्याशिवाय राहवत नाही. एकशे शहात्तर होते. त्या एकशे शहात्तर डब्यांत मी अंकलना सगळ्या प्रकारांनी मेलेलं पाहिलं. लोरेनला फोन कसा करायचा, त्याची वाक्यं जुळवली. "रोज बघत होते" हे वाक्य जुळवलं आणि खोडलं. आठ महिन्यांच्या संदेशांत एकदाही मी त्यांना असा प्रश्न विचारला नव्हता ज्याचं उत्तर अंगठ्याने देता येणार नाही.

घरापाशी गाडी थांबवली तर कोंबड्या धावत आल्या. सगळ्या, त्या अंडं न देणारीसकट. त्यांना सकाळपासून कुणी दाणे टाकले नव्हते हे कळायला मीटर लागत नाही.

"अंकल?"

उत्तर नाही. वर जाणार तोच घराखालून आवाज आला. खांबांच्या मध्ये त्यांची कपडे धुवायची जागा आहे, पत्र्याच्या आडोशाची. त्या पत्र्यावर पाणी आपटत होतं. एकसारखं नाही. यायचं, कमी व्हायचं, परत यायचं. कुणीतरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवतंय आणि काढतंय असं.

अंकल सिमेंटच्या जमिनीवर कुशीवर पडले होते, एक पाय नको त्या कोनात. बागेची नळी छातीशी धरलेली. चेहरा राखेसारखा, ओठ मात्र ओले. नळीनेच ते पाणी पीत होते, आणि नळीनेच पत्रा वाजवत होते, रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालातरी ऐकू जाईल म्हणून.

"कोण आहे?"

"तानिया."

"किती वाजले?"

"साडेदहा."

"कुठल्या वाराचे?"

"गुरुवारचे."

त्यांनी डोळे मिटून हिशोब केला. "बुधवारी साडेतीनला पडलो. म्हणजे एकोणीस तास." मग नळी खाली ठेवली. "तुझं डॅम्पिंग फार आहे, पोरी."

मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, माझा कोट त्यांच्या अंगावर घातला, आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हात बर्फासारखे होते. ते माझ्या तळहातांत धरून चोळत राहिले. चोळता चोळता, जे विचारायला नको होतं ते विचारलं.

"सकाळी तुमचा अंगठा आला होता."

"माझा नव्हता. फोनचा होता. फोन वर टेबलावर आहे. त्याची तब्येत उत्तम आहे."

"म्हणजे?"

"ग्रंथालयात म्हाताऱ्यांना फोन शिकवतात. तिथे एका बाईने लावून दिलं. रोज आपोआप जातो." मग म्हणाले, "सहा दोन ठेवलं. बरोबर सहा ठेवलं असतं तर तुला संशय आला असता."

"अंकल, असं का केलंत?"

"तूच म्हणालीस, नुसता अंगठा पुरे. नुसता अंगठाच पाठवायचा तर त्यासाठी मी कशाला लागतो?"

माझ्याकडे एक तक्ता होता, त्यात त्यांच्या नावाचा रकाना होता, आणि त्यात आज सकाळची बरोबरची खूण होती. अंकल जमिनीवर पडून नळीतून पाणी पीत होते तेव्हा केलेली.

मला रडताना बघून त्यांनी माझं मनगट थोपटलं. "रडू नकोस. मीसुद्धा आयुष्यात एकदा चाव्या बंद ठेवून घरी गेलोय."

"तुम्हाला कुणी सांगितलं चाव्यांचं?"

"कुणी नाही," ते म्हणाले. "तुझ्या बुटांना चिपाड लागलंय. ओलं."

अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी त्यांना उचललं तेव्हा त्यांनी एकदाच तक्रार केली, ती कोंबड्यांच्या दाण्यांबद्दल.

*

खुबा मोडला होता. आता त्यातही पट्टी आहे, म्हणजे दोन झाल्या. सहा आठवडे लोरेनकडे राहून ते परत आले, कारण ब्रिस्बेनला पपया नाहीत आणि गुडघ्याला तिथली हवा ओळखता येत नाही. लोरेनला मी सगळं सांगितलं, रकान्यासकट. ती म्हणाली, "मी तर आठवड्यातून एकदाच विचारायचे. आणि ते 'ठीक' म्हणाले की मलाही बरं वाटायचं. फोन ठेवता यायचा."

डग आता मीटरच्या थरथरणाऱ्या रेघेवर कागद चिकटवून बसतो. मी तो कागद रोज काढते. लुसियाचा मोजा कुत्र्याने फाडला, नवा आणलेला नाही. आणायचं मनात येतं, आठवड्यातून साधारण चार वेळा. त्याऐवजी मी उठते, तिच्या खोलीत जाते आणि बघते. आई म्हणते, हेही जास्त आहे. पण पायांनी होतंय तोवर चालेल, म्हणते.

अंकलना अंगठा बंद. मी रोज एक प्रश्न विचारते, कालचा चालत नाही. आज कुठली कोंबडी रुसलीये? वटवाघळं आली का? त्यांनीही मला नियम घातलाय, की लुसिया कशी आहे हे सांगताना आकडा वापरायचा नाही. पहिल्या दिवशी मी लिहिलं, "वजन आठ पूर्णांक दोन." ते म्हणाले, हे उसाचं सांगतेस का? दुसऱ्या दिवशी लिहिलं, "आज तिने माझा बूट चाटला." त्यावर त्यांचे सात संदेश आले. सगळे वाचले.

तेव्हा हे वाचून संपलं की एक काम करा. तुमच्याही फोनात एखादं नाव असेल, जिथून रोज "ठीक" येतं, आणि ते आलं की तुम्हाला फोन ठेवता येतो. त्यांना आज "कसे आहात" असं विचारू नका. शेजारचं मांजर व्यालं का ते विचारा, दळण आणलं का ते विचारा, कालपेक्षा आज काय वेगळं झालं ते विचारा. उत्तर यायला वेळ लागला, भलतंच आलं, लांबलचक आलं, मध्येच कुणावर तरी राग निघाला, तर निवांत चहा प्या. पण नेहमीच्या वेळेला नेहमीचंच आलं, तर चप्पल घाला आणि जाऊन बघून या.